शाळेतलं सेवा मंडळ गावात कसं चालवायचं: कामं, पैसा अन हिशेबाची वही

बऱ्याच शाळांत सेवा क्लब १५ ऑगस्टला धूमधडाक्यात सुरू होतो, पोट्ट्यांना बॅज मिळतात, एक झाड लागतं, फोटो निघतो, अन दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या की क्लब कुठं गेला ते कोणालाच माहीत नसतं. याला पोरांचा आळस कारण नाही बरं. कार्यक्रम शहरातल्या शाळेचा उचललेला असतो, वेळ चुकलेली असते अन पैशाचा हिशेब कोणाच्या तरी डोक्यात असतो. आमच्या इकडे यवतमाळ, वाशिम, अमरावतीच्या खेड्यात ऑगस्टमध्ये कास्तकाराच्या घरात रोख पैसा शोधूनही सापडत नाही, बियाणं-खत-फवारणीत सगळा गेलेला असतो, अन आपण नेमके तेव्हाच पावतीबुक घेऊन दारात उभे. म्हणून हा लेख शेतीच्या हंगामाप्रमाणे लिहिला आहे. कोणत्या महिन्यात कोणतं काम धरायचं, पैसे कधी मागायचे, कधी अजिबात मागायचे नाहीत, अन आलेला पैसा कसा लिहून ठेवायचा, एवढंच यात आहे.

आधी माणसं जमवा, नाव नंतर ठेवा

अकरावी-बारावीला राष्ट्रीय सेवा योजना म्हणजे एनएसएस असू शकते. ती १९६९ साली गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात सुरू झाली, तिचे नियम, तास, सात दिवसांचं शिबिर सगळं ठरलेलं आहे. तुमच्या ज्युनिअर कॉलेजात युनिट असेल तर वेगळा संसार मांडू नका, त्यालाच जोडून घ्या. आठवी ते दहावीला मात्र एनएसएस नसते. तिथं स्काऊट-गाईड किंवा हरित सेना असते, बऱ्याचदा कागदावरच असते, तिलाच जिवंत करता आलं तर परवानगीचं अर्धं काम होऊन जातं. काहीच नसेल तर मुख्याध्यापकांच्या नावे साध्या कागदावर अर्ज द्या: मंडळाचं नाव, कोणत्या वर्गातली मुलं, जबाबदार शिक्षक कोण, वर्षभरात काय करणार. त्यावर सही-शिक्का घ्या अन झेरॉक्स फाईलला लावा. पुढं ग्रामपंचायत असो की आरोग्य केंद्र, पहिला प्रश्न हाच येतो की "परवानगी कोणाची?"

मुलं आठवी, नववी अन अकरावीची घ्या. दहावीवाल्यांना दिवाळीपर्यंत ठेवा, मग सोडून द्या, बोर्डाची परीक्षा डोक्यावर असताना त्यांना टोपलं उचलायला बोलावलं तर आईबाप शाळेत येतील अन त्यांचं बरोबरच असेल. सुरुवातीला वीस-पंचवीस पोरं पुरे. अख्खा वर्ग नोंदवून घेतला की काम करणारे तेच दहा अन फोटोत साठ, असं होते.

शिक्षक दोन हवेत, त्यातल्या एक मॅडम पाहिजेतच. मुली बाहेरगावाहून एसटीनं किंवा सायकलीनं येतात, त्यांची शेवटची बस किती वाजता आहे ते पाहूनच कामाची वेळ ठरवायची. बस गेल्यावर "कोणीतरी सोडून देईल" हे चालत नाही. पालकांचं संमतीपत्र एकदाच वर्षाच्या सुरुवातीला घ्या, पण त्यात कामं स्पष्ट लिहा, नाल्यावरचं श्रमदान, बाजारातला स्टॉल, हे सगळं. मोघम लिहून घेतलेल्या सहीचा काही उपयोग नसतो.

पैसा यायच्या आधी वही तयार पाहिजे

हा भाग कंटाळवाणा वाटते पण सगळं यावरच उभं आहे. गावात एखाद्याबद्दल "पैसे खाल्ले" अशी कुजबुज सुरू झाली की ती पुसता येत नाही, खरं असो की खोटं.

पद्धत अशी ठेवा. पैसे हातात घेणारा एक विद्यार्थी, वहीत लिहिणारी दुसरी, अन आठवड्याला दोन्ही ताडून पाहणारा तिसरा. ज्याच्या हातात पैसा त्याच्या हातात वही द्यायची नाही. वही जाड बांधणीची घ्या, पानांना आधीच नंबर टाका, डावीकडे जमा, उजवीकडे खर्च. खोडायचं नाही, चुकलं तर एक आडवी रेघ मारून बाजूला बरोबर आकडा अन सही. पावतीबुक छापील नंबरचं, अर्धी पावती देणाऱ्याला, अर्धी आपल्याकडे. दहा रुपये दिले तरी पावती फाडायची, त्यात लाजण्यासारखं काही नाही, उलट दहा रुपयाची पावती मिळाली की आजीबाई ती देवघरात ठेवते अन चार जणींना सांगते.

रोख रक्कम घरी न्यायची नाही. शाळेच्या कपाटात डबा, कुलूप, अन रक्कम जरा वाढली की शाळेच्या खात्यात भरणा, मंडळासाठी वेगळं खातेपान काढून. आजकाल सगळे "क्यूआर द्या" म्हणून राहिले, तर एक गोष्ट पक्की: कोण्या सरांच्या किंवा पोराच्या वडिलांच्या फोनवरचा क्यूआर लावायचा नाही. शाळेच्या खात्याचा असेल तर लावा, नसेल तर रोख अन पावती. घरच्या पैशात मंडळाचे पैसे मिसळले की प्रामाणिक माणूसही अडचणीत येतो.

अन दर सोमवारी परिपाठ झाल्यावर व्हरांड्यातल्या फळ्यावर तीन ओळी: मागची शिल्लक, आठवड्यात आले किती गेले किती, आता हातात किती. खडूनं लिहायला दोन मिनिटं लागतात. पालक शाळेत आले की आधी तोच फळा वाचतात, पाहून घ्या.

कायद्याचंही थोडं पाहा. गावातल्या ओळखीच्या लोकांकडून, पालकांकडून, शाळेच्या नावानं पावतीवर घेणं वेगळं, अन रस्त्यावर डबा घेऊन सार्वजनिक वर्गणी गोळा करणं वेगळं. सार्वजनिक वर्गणीचा विषय महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, १९५० मध्ये येतो, गणेश मंडळांना धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते ती त्याचमुळे. मोठा निधी गोळा करायचा विचार असेल तर आधी जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात विचारा. रस्त्यावर दोरी आडवी धरून गाड्या थांबवणं तर कधीच नाही, शाळेचा गणवेश घालून तर नाहीच नाही.

गावाच्या खिशात पैसा कधी असतो

सोयाबीनची सोंगणी ऑक्टोबरात, कापूस वेचणी दिवाळीच्या आगेमागे सुरू होऊन जानेवारीपर्यंत, तूर जानेवारी-फेब्रुवारीत. म्हणजे रोख पैसा किंवा धान्य मागायचं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. जून ते सप्टेंबर फक्त सेवा करायची, मागायचं काहीच नाही. ही शिस्त पाळली तर हिवाळ्यात मागायला गेल्यावर माणूस म्हणतो "हेच पोट्टे पावसाळ्यात आले होते नं, फवारणीचं सांगायला". ओळख आधी अन पावती नंतर.

आठवड्याचाही हिशेब आहे. बऱ्याच गावांत मजुरीचा चुकारा आठवडी बाजाराच्या दिवशी होतो अन त्या दिवशी वावरातलं काम बंद असतं. स्टॉल, विक्री, शिबिर काहीही असो, बाजाराचा दिवस पकडा.

जून-जुलै: निंबोळी अन जुनी पुस्तकं

बाकी महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्यात सुरू होतात, विदर्भात उन्हामुळं जूनच्या शेवटी. तोवर निंबाखाली निंबोळ्यांचा सडा पडायला लागलेला असतो. म्हणून हे काम एप्रिलमध्येच ठरवून ठेवावं लागते, सुट्टीत प्रत्येकानं आपल्या आखराजवळच्या, धुऱ्यावरच्या निंबाखालून वेचायचं.

पिकून पडलेल्या निंबोळ्या वेचा, पाण्यात चोळून गर काढा, बिया सावलीत चांगल्या वाळवा अन पोत्यात भरा. प्लास्टिकच्या पिशवीत भरल्या की बुरशी धरते, मग सगळी मेहनत वाया. कपाशीवर मावा-तुडतुडे दिसायला लागले की कास्तकाराला पाच टक्के निंबोळी अर्क लागतो अन आयतं औषध महाग पडतं. तेव्हा वाळलेल्या बिया किंवा कुटलेली भुकटी किलोच्या मापानं विका, भाव कृषी केंद्रात विचारून त्याहून थोडा कमी ठेवा. सोबत एक चिठ्ठी द्या: पाच किलो निंबोळी भुकटी दहाएक लिटर पाण्यात रात्रभर भिजवायची, सकाळी फडक्यानं गाळायची, दोनशे ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवून टाकायचा, मग पाणी घालून एकूण शंभर लिटर करायचं अन त्याच दिवशी फवारायचं. भांडवल शून्य, माल गावातलाच, अन घेणाऱ्याचाही फायदा. मागायचं नाही म्हटलं ते वर्गणीबद्दल, ही विक्री आहे, यात कोणावर उपकार नाही. मंडळाची पहिली कमाई यातूनच होऊ द्या असं माझं स्पष्ट मत आहे.

पुस्तक पेढी याच दिवसांतली. सरकारी अन अनुदानित शाळेत आठवीपर्यंत पाठ्यपुस्तकं फुकट मिळतात, नववीपासून विकत घ्यावी लागतात, अन ती घ्यायची वेळ येते नेमकी पेरणीच्या तोंडावर. दहावीचा निकाल लागला की पास झालेल्यांच्या घरी जाऊन पुस्तकं गोळा करा. फाटलेली चिकटवा, कव्हर घाला, नंबर टाका, रजिस्टरला नोंद, वर्षअखेरीस परत. अभ्यासक्रम बदलणार आहे का ते मात्र आधी पाहून घ्या, जुन्या पुस्तकांचा ढीग जमवून शेवटी रद्दीत घालायची पाळी येऊ नये. अन वाटताना नावं पुकारायची नाहीत. "गरजूंसाठी" असा बोर्ड लावला की ज्याला गरज आहे तोच येत नाही. सगळ्यांसाठी खुली ठेवा, पहिले येणाऱ्याला पहिले.

ऑगस्ट-सप्टेंबर: फवारणी अन तान्हा पोळा

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी अन मजूर गेले, ते इकडच्या घराघरात अजून आठवते. मंडळानं दरवर्षी फवारणीच्या तोंडावर एक आठवडा याला द्यावा. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना अन कृषी सहाय्यकांना (आता पदाचं नाव सहाय्यक कृषी अधिकारी) पत्र द्या, ग्रामपंचायतीच्या ओट्यावर संध्याकाळी अर्ध्या तासाची बैठक ठेवा. पोरांनी घरोघरी जाऊन सांगायच्या गोष्टी मोजक्याच ठेवा: तोंडाला मास्क, हातमोजे, अंगभर कपडे, वाऱ्याच्या उलट दिशेनं फवारायचं नाही, नोझल तोंडानं फुंकायचं नाही, फवारताना खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) की बिडी नाही, घरी आल्यावर आंघोळ अन कपडे वेगळे धुवायचे, चक्कर-मळमळ वाटली की औषधाचा डबा सोबत घेऊन सरळ दवाखाना, गाडी नसेल तर १०८. औषधाचे रिकामे डबे गोळा करायची कल्पना कोणाला सुचली तर तिथंच थांबवा, पोरांनी त्या डब्यांना हात लावायचा नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. लहान पोरं लाकडी नंदीबैल सजवून आणतात, घरोघरी बोजारा म्हणजे खाऊ-पैसे मिळतात. इथं पैसे कमवायचा मोह होते, प्रवेश फी ठेवू म्हणून. ठेवू नका. मंडळानं सजावट स्पर्धा भरवायची, रांग लावायची, गर्दी सांभाळायची, बक्षिसाला वही-पेन्सिल कोण्या किराणावाल्या काकांकडून वस्तूरूपात घ्यायची. त्या एका दिवसात अख्ख्या गावाला मंडळ माहीत होते.

झाडं लावायचीच असतील तर सामाजिक वनीकरणच्या रोपवाटिकेत चौकशी करा, निंब, करंज, चिंच, जांभूळ अशी इकडं जगणारीच घ्या. मोजकी लावा. प्रत्येक झाडाला एका पोराचं नाव अन मे महिन्यात पाणी कोण घालणार ते आधी लिहून घ्या. लोखंडी ट्री-गार्डला पैसे नसतात, बाभळीच्या काट्याचं कुंपण चालते, फुकट आहे अन बकरीही येत नाही.

ऑक्टोबर-नोव्हेंबर: वनराई बंधारा, वर्षातलं सगळ्यात मोठं काम

एका वर्षात एकच मोठं काम झेपणार असेल तर हे करा. पाऊस थांबला, नाल्याला धार अजून वाहते आहे, अशा वेळी रिकाम्या सिमेंटच्या पोत्यांत माती-वाळू भरून नाल्यात आडवी भिंत घालायची, पाणी अडते, आजूबाजूच्या विहिरींना आधार होतो, ढोरांना प्यायला राहते, हरभरा-गव्हाला एखादं पाणी जास्त मिळते. इकडच्या लोकांना श्रमदान नवीन नाही, २०१६ च्या पहिल्या वॉटर कप या जलसंधारणाच्या स्पर्धेत अमरावती जिल्ह्यातला वरुड तालुका होताच. तेवढं मोठं आपल्याला करायचं नाही, एक नाला, दोन रविवार.

जागा आधी. कृषी सहाय्यकांना सोबत घेऊन नाला पायी पाहा. पात्र अरुंद, दोन्ही काठ उंच अन पक्के, नाला सरळ वाहणारा, अशी जागा निवडा, वळणावर घालू नका, तिथं पाणी काठ कोरते. शेजारच्या वावरवाल्याला विचारायचंच, पाणी त्याच्या धुऱ्यापर्यंत चढणार आहे. ग्रामपंचायतीचं पत्र घ्या. २ ऑक्टोबरची ग्रामसभा असते, तिथंच विषय मांडला तर परवानगीही मिळते अन चार मोठी माणसंही कामाला येतात.

मग पोती. गावात घरकुलाची कामं चालू असतात, तिथं रिकामी पोती पडलेली असतात, मिस्त्रीला आधी सांगून ठेवलं तर तो फेकत नाही. हे काम सप्टेंबरपासून सुरू करा, कारण लागतात त्यापेक्षा पोती नेहमी कमीच जमतात अन त्यातली फाटकी निघतात ती वेगळी. झटकताना नाकाला रुमाल बांधायला लावा.

सामान: पावडी, टोपली, एक-दोन सब्बल, सुतळी अन दाभण. हे सगळं घरोघरी असतं, विकत घ्यायचं नाही, प्रत्येकाच्या घरून काय येणार याची यादी करा अन मुठीवर नाव लिहा, नाहीतर संध्याकाळी कोणाचं पावडं कोणाकडे यावरून भांडण.

काम असं होते. पोतं तीन चतुर्थांश भरायचं, गच्च नाही, म्हणजे ते बसते नीट. तोंड दाभणानं शिवायचं. तळातली माती-गाळ थोडा साफ करून पहिला थर रुंद घालायचा, त्यावरचा थर असा की खालच्या दोन पोत्यांच्या सांध्यावर वरचं पोतं येईल. वर जाता जाता भिंत निमुळती. पाणी येते त्या बाजूनं पोत्यांच्या फटीत चिकणमाती चोपायची. दोन्ही टोकं काठात थोडी आत घुसवायची, तिथूनच पाणी पहिल्यांदा फुटते. मधला भाग टोकांपेक्षा थोडा खोलगट ठेवायचा म्हणजे जादाचं पाणी मधून सांडते, अन सांडते तिथं खाली दगड टाकायचे. उंची कमरेच्या वर नेऊ नका, हौसेनं उंच केलेला बंधारा पाण्याचा जोर सहन करत नाही.

सुरक्षेचं इथं जास्त. दगड उचलायच्या आधी काठीनं हलवायचा, खाली साप-विंचू असतो. पाण्यात उतरणारे फक्त मोठे, अन खोल डोह असलेली जागा मुळातच निवडायची नाही. शेजारच्या वावरात रानडुकरांसाठी तारेत करंट सोडलेला आहे का हे मालकाला तोंडी विचारून बंद करून घ्यायचं. सकाळी सातला सुरू, ऊन चढलं की बंद. जेवण झुणका-भाकर, पाच-सहा घरांनी वाटून करायचं. सर्पदंश झालाच तर चिरा देणं, बांधणं, मांत्रिक काही नाही, माणसाला हलू न देता लगेच १०८ अन आरोग्य केंद्र. हे कामाच्या आधी सगळ्यांना सांगायचं.

अन एक गोष्ट बहुतेक लोक विसरतात. मे महिन्यात नाला कोरडा झाला की पोती काढून आणायची. नाहीतर पहिल्या पुरात ती फाटून प्लास्टिकच्या चिंध्या पार नदीपर्यंत जातात.

नोव्हेंबर ते जानेवारी: आता मागा

सगळ्यात सोपा निधी म्हणजे धान्य. सप्ताहाला, भंडाऱ्याला गावात धान्य गोळा होते, तीच पद्धत. कास्तकार पन्नासची नोट द्यायला विचार करते पण सोयाबीन-तुरीची पायली सहज देते. एक बंडी म्हणजे बैलगाडी, दोन पोती, वजनकाटा, पावतीवर धान्याचं नाव अन वजन. नंतर सगळं एकत्र गावातल्याच व्यापाऱ्याला किंवा बाजार समितीत विकायचं, विक्रीची पट्टी वहीत चिकटवायची. मात्र ज्या घरात त्या वर्षी पीक बुडालं किंवा काही दुःख झालं त्या घरासमोर बंडी थांबवायची नाही. गावातली पोरं आहेत, त्यांना माहीत असतं कोणतं घर.

दुसरं, बाजारातला आलुबोंड्याचा स्टॉल. याबद्दल लोकांना फार आशा असते म्हणून नमुन्याचा हिशेब देतो, भाव तुमच्या गावचे टाका. दीडशे आलुबोंडे: आलू सहा किलो १८०, बेसन तीन किलो ३००, तेल अडीच लिटर ३७५, मिरची-लसूण-सांबार (कोथिंबीर)-हळद १००, गॅस १५०, कागद-द्रोण ६०. झाले ११६५. दहा रुपयाला एक विकला तर १५०० येतात, उरले ३३५, अन वीस नग उरले तर १३५. पंधराला विकला अन सगळे गेले तर १०८५. म्हणजे सामान विकत आणून स्टॉल लावला तर मेहनतीच्या मानानं फार काही हाती लागत नाही. आलू-बेसन घरून आलं तर गणित बदलते, पण मग वहीत ते "वस्तूरूप देणगी" म्हणून लिहा, नाहीतर नफा उगाच फुगलेला दिसतो. तरी स्टॉल वर्षातून एकदा लावाच, कारण नफा-तोटा पोरांना गणिताच्या तासापेक्षा इथं जास्त समजतो. कढईजवळ फक्त मोठी माणसं, एखाद्या पालक मावशी किंवा काकू. मुलांनी द्रोण भरायचे, पैसे घ्यायचे, हाळी द्यायची. अन स्टॉलवर पाटी लावा: हे पैसे कशासाठी. "समाजसेवेसाठी" असं नको, "उन्हाळ्यात बसस्टँडवर पाणपोई" असं लिहा, लोक सुट्टे परत घेत नाहीत.

व्यापारी, जिनिंग, कृषी केंद्र यांच्याकडं पैसे मागण्यापेक्षा वस्तू मागा. चुन्याची बॅग, रंगाचा डबा, दोन रांजण. वस्तू दिलेली दिसते, देणाऱ्यालाही बरं वाटते, अन हिशेबाची कटकट कमी.

२० डिसेंबर गाडगेबाबांची पुण्यतिथी. माणूस आपल्या अमरावती जिल्ह्यातला, शेंडगावचा, १९५६ साली याच दिवशी वलगावजवळ गेला. बाबा आधी गाव झाडायचे, कीर्तन संध्याकाळी. तोच क्रम ठेवा, सकाळी खराटे, भाषणं दुपारनंतर अन थोडकीच. बसस्टँड, हातपंपाभोवतीचा चिखल, शाळेची मुतारी. मुतारी मोठ्यांनीही झाडायची, सरांनी सुद्धा, नुसती पोरांना किंवा ठरावीक पोरांना लावली तर त्यापेक्षा कार्यक्रम न केलेला बरा.

आरोग्याची दोन कामं

रक्तदान शिबिर. देणारा १८ वर्षांच्या वरचा, वजन किमान ४५ किलो लागते, म्हणजे शाळेची पोरं रक्त देणार नाहीत, त्यांनी शिबिर उभं करायचं. सरकारी रक्तपेढीला महिनाभर आधी मुख्याध्यापकांचं पत्र, त्या आधी गावातून नावांची यादी, कारण किती दाते येणार हे ते विचारतातच. यादीत नाव दिलेल्यांपैकी बरेच त्या दिवशी येत नाहीत, हे धरून चाला. पुरुषांना आधीच्या रक्तदानाला तीन महिने अन बायांना चार महिने झालेले पाहिजेत. वर्गखोली हवेशीर, पंखा, पिण्याचं पाणी, चहा-बिस्किट, दिल्यावर थोडा वेळ बसायला जागा. उपाशीपोटी कोणाला पाठवायचं नाही हे आदल्या दिवशी घरोघरी सांगायचं.

सिकलसेल. आईबापाकडून पोरांत येणारा हा रक्ताचा आजार विदर्भात बराच आहे, १९ जून हा जागतिक दिवस, पण तेव्हा आपल्या शाळा बंद असतात, म्हणून तपासणी जुलैनंतर आरोग्य केंद्राशी बोलून ठरवा. पोरांचं काम रांग अन नोंदणीपुरतं. रिपोर्ट मंडळाच्या हातात घ्यायचाच नाही, तो ज्याचा त्याला किंवा पालकाला, बंद पाकिटात. वाहक आहे म्हणजे आजारी आहे असं नव्हे, हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकवा, नाहीतर पुढं त्या मुलीच्या लग्नापर्यंत ती गोष्ट पोचते.

खर्ऱ्याबद्दल थोडक्यात. शाळेपासून शंभर यार्डाच्या आत तंबाखू विकायला कायद्यानं बंदी आहे. पण पोरांना टपरीवाल्यासमोर उभं करू नका, तो कोणाचा तरी बाप असतो. पत्र मुख्याध्यापक देतील, ग्रामपंचायतीला अन पोलीस स्टेशनला.

पैसा खर्च करताना

निधी ज्या कामासाठी मागितला त्याच कामाला लावा. दुसरीकडं वळवायचा असेल तर सगळ्या सदस्यांची बैठक, ठराव, सह्या. चहापाणी, बॅनर, पाहुण्यांचे हारतुरे यावर मंडळाचा एक रुपयाही जायला नको, बॅनरवर नेत्यांचे फोटो लावायचे असतील तर ज्याला हौस त्यानं आपल्या खिशातून.

एखाद्या वर्गमित्राच्या घरी संकट आलं, वडील गेले, घर जळालं, अशी मदत करायची वेळ येतेच. तेव्हा स्टेजवर बोलावून पाकीट देऊ नका. एक शिक्षक अन दोन पोरं संध्याकाळी घरी जातील, पैसे त्याच्या मायच्या हातात देतील अन निघून येतील. वहीत रक्कम लिहायची, नावाच्या जागी "एक विद्यार्थी", अन नाव मुख्याध्यापकांकडच्या बंद पाकिटात. फोटो नाही. व्हॉट्सअॅप स्टेटसही नाही. याच्यावरून वाद घालणारे भेटतील, "फोटो नसला तर देणगीदाराला काय दाखवू" म्हणून, त्यांना वही दाखवा.

फेब्रुवारी ते एप्रिल: पाणपोई अन वहीची सोपवणूक

मार्चपासून शाळा सकाळची होते, बारा वाजता पोरं मोकळी. पाणपोई बसस्टँडवर किंवा दवाखान्याच्या दारात, सावली पाहून. रांजण किंवा माठ, खाली वाळूचा ओटा, वर ओलं पोतं, झाकण, अन पाणी काढायला लांब दांड्याचं ओगराळं म्हणजे कोणी हात बुडवत नाही. रोजची पाळी दोघांची, सकाळी रांजण रिकामा करून घासायचा अन मगच भरायचा. कालच्या पाण्यावर आजचं ओतायचं नाही. पाणी कुठून येणार हे एप्रिल-मेसाठी आताच ठरवा, गावचा नळ तीन दिवसाआड झाला तर कोणाच्या बोअरवरून, अन त्या घरच्या काकांना आधी विचारलेलं पाहिजे. सुट्टीत पोरं मामाच्या गावी जातात, म्हणून मे महिन्याची यादी गावात राहणाऱ्यांचीच करा.

एप्रिलमध्ये परीक्षा संपली की शेवटची बैठक. वही पूर्ण करायची, शिल्लक मोजायची, मुख्याध्यापक, एक शिक्षक अन एक पालक अशा तीन सह्या, एक प्रत ग्रामपंचायतीच्या फलकावर. १ मे ला ग्रामसभा असते, तिथं नववीतल्या एखाद्या पोरीनं उभं राहून जमा-खर्च वाचून दाखवायचा, पाच मिनिटांत. प्रश्न विचारले तर तिनंच उत्तर द्यायचं, सरांनी मधे बोलायचं नाही. मग वही, पावतीबुक, उरलेल्या पावत्यांचे नंबर, कपाटाची किल्ली, पुस्तक पेढीचं रजिस्टर, सप्टेंबरात पोती कोणत्या मिस्त्रीकडं सांगायची त्याचं नाव, कोणाच्या घरून कोणतं पावडं येते ती यादी, हे सगळं पुढच्या टोळीच्या हातात द्यायचं अन निंबोळी वेचायची वाटणी करूनच घरी सोडायचं.